मैदानावरचे कर्ते पुरुष : विजय हजारे

एकत्र कुटुंबात वाढलेल्या माणसाला ‘कर्ता पुरुष’ या शब्दाचा अर्थ कोशात पाहावा लागत नाही. घरातील सर्वांत बोलका, सर्वांत देखणा किंवा सर्वांत बुद्धिमान माणूस तो कर्ता, असे कधी नसते. अडचण आली म्हणजे सारे घर ज्याच्या तोंडाकडे पाहते आणि जो आवाज न चढवता उठून पुढे होतो, तो कर्ता. त्याचे कौतुक फारसे होत नाही. कारण त्याने उभे राहावे हे सर्वांनी गृहीतच धरलेले असते. बडोद्याच्या मैदानांनी असा एक कर्ता पुरुष दोन दशके पाहिला. त्याच्या हातात तिजोरीच्या किल्ल्यांऐवजी बॅट होती, एवढाच काय तो फरक. विजय सॅम्युअल हजारे हे त्यांचे नाव.

हजारे यांचे नाव आज नव्या पिढीला ठाऊक आहे ते बहुधा त्यांच्या नावाच्या चषकामुळे. देशातील राज्यसंघांची एकदिवसीय सामन्यांची स्पर्धा ‘विजय हजारे चषक’ या नावाने दरवर्षी खेळली जाते आणि वर्तमानपत्रांतून ते नाव हंगामभर डोळ्यांखालून जाते. परंतु चषकावर नाव कोरले गेले म्हणजे माणूस हळूहळू नाहीसा होऊ लागतो, असाही अनुभव आहे. म्हणून त्या नावामागच्या माणसाची, उघड्या आभाळाखाली आयुष्य घालवलेल्या एका शांत गृहस्थाची आठवण करावी, एवढाच या लेखाचा हेतू.

सांगलीचे घर

हजारे यांचा जन्म ११ मार्च १९१५ रोजी सांगली येथे एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात झाला. (श्रीमंत सयाजीराव महाराजांचा जन्मदिवसही ११ मार्चच मानला जातो, हा योगायोग बडोदेकरांना विशेष वाटावा असा आहे.) वडील शिक्षक आणि घरात आठ मुले. शिक्षकाच्या त्या काळच्या पगारात दहा माणसांचा संसार म्हणजे काय, हे सांगण्याची आवश्यकता नाही. अशा घरात मुलांना दोन गोष्टी न शिकवता येतात. एक, मिळालेली वस्तू जपून वापरणे आणि दोन, आपली पाळी येईपर्यंत तक्रार न करता थांबणे. हजारे यांची फलंदाजी पुढे जगाने पाहिली तेव्हा तिच्यात हे दोन्ही गुण ठळकपणे दिसले. त्यांनी आपला बळी कधी सहजासहजी उधळला नाही आणि चांगल्या चेंडूला मान देण्यात त्यांना कधी कमीपणा वाटला नाही.

त्यांच्या घडणीत एका परक्या माणसाचा मोठा वाटा आहे. सांगलीपासून फार दूर नसलेल्या जत संस्थानच्या अधिपतींनी ऑस्ट्रेलियाचे विख्यात फिरकी गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट यांना शिकवण्यासाठी पाचारण केले होते. तेथे ग्रिमेट यांच्या हाताखाली हजारे यांना धडे मिळाले. हजारे यांची उभे राहण्याची पद्धत पुस्तकी नव्हती; ते बॅट दोन्ही पॅडच्या मध्ये धरून उभे राहत. एखाद्या करड्या शिक्षकाने ती सवय मोडून काढण्याचा हट्ट धरला असता. ग्रिमेट यांनी मात्र, जे अंगवळणी पडले आहे आणि ज्याने धावा होतात ते बदलू नकोस, असाच सल्ला दिला. चांगला गुरू काय शिकवतो याइतकेच तो कशाला हात लावत नाही यालाही महत्त्व असते. मुलांना वळण लावू पाहणाऱ्या आईबापांनीही ही गोष्ट मनात ठेवण्याजोगी आहे.

महाराष्ट्रातून बडोद्यास

१९३९-४० च्या हंगामात पुण्यास महाराष्ट्र आणि बडोदे यांचा रणजी करंडकाचा सामना झाला. प्रा. दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखालील महाराष्ट्राकडून हजारे यांनी त्या सामन्यात नाबाद ३१६ धावा काढल्या. प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये एखाद्या भारतीयाने काढलेले ते पहिले त्रिशतक होते. त्या वर्षी महाराष्ट्राने करंडक जिंकला आणि पुढच्या वर्षीही राखला. ज्या बडोद्याच्या गोलंदाजांना त्यांनी असे दमवले, त्याच बडोद्याने त्यांना आपलेसे केले. १९४१ च्या सुमारास हजारे बडोद्यास आले, महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांच्या पदरी नोकरीस राहिले आणि अखेरपर्यंत बडोदेकरच झाले.

महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांना या घटनेत काहीच नवल वाटणार नाही. आपल्यापैकी कितीतरी घरांचा इतिहास असाच सुरू होतो. कोणी पणजोबा कारकुनीसाठी आले, कोणी शिक्षक म्हणून आले, कोणी गवई, कोणी वैद्य, कोणी शिलेदार. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा या वस्त्या अशाच आलेल्या माणसांनी भरल्या. नोकरी ही निमित्त ठरते. गाव आपले होते ते त्यानंतर, हळूहळू, मुलांच्या शाळा आणि शेजाऱ्यांची लग्नकार्ये यांतून. हजारे यांची चाकरी खेळाशी निगडित होती, एवढेच त्यांचे वेगळेपण.

शिवाय बडोदे हे मैदानी माणसाला मानवणारे गाव होते. सयाजीराव महाराजांचे बालपण नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात, शेतकऱ्याच्या घरी गेले. त्यांच्या कारकिर्दीत, १८७९ साली, विश्वामित्रीच्या काठी कमाठीबाग खुली झाली. जुम्मादादा व्यायाम मंदिरातून राजरत्न प्रा. माणिकराव यांनी पिढ्यान्पिढ्या तरुणांची शरीरे घडवली. एका मराठी शिष्याने आपल्या मुसलमान गुरूचे नाव मंदिराला दिले, हेही बडोद्यातच घडावे. गामा पहिलवानाने १९०२ साली उचलल्याचे सांगितले जाणारे ते प्रचंड शिळाखंड आपल्या संग्रहालयात आजही लोक थांबून पाहतात. अशा गावात राजवाड्याच्या आवारातील मोतीबागेचे मैदान क्रिकेटसाठी सज्ज होते आणि त्यावर हजारे यांच्यासारखा माणूस येऊन उभा राहिला.

दोन भाऊ

हजारे यांच्या अनेक खेळींपैकी कोणती एक निवडावी असे कोणी विचारले, तर अभ्यासक कदाचित ॲडलेडचे नाव घेतील. परंतु घरगुती मासिकाच्या वाचकाला जवळची वाटावी अशी खेळी त्याहून वेगळी आहे.

त्या काळी मुंबईस पंचरंगी सामने होत. हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन आणि ‘इतर’ अशी संघांची विभागणी असे. ख्रिस्ती असल्यामुळे हजारे ‘इतर’ संघाकडून खेळत. धर्मावर आधारलेल्या या सामन्यांवर त्या काळीच कडक टीका झाली आणि १९४६ नंतर ते बंद पडले, ते योग्यच झाले. १९४३-४४ च्या हंगामात मात्र या सामन्यांत दोन विजयांची अपूर्व चढाओढ लागली. हजारे यांनी २४८ धावा काढल्या. अंतिम सामन्यात हिंदू संघाच्या विजय मर्चंट यांनी नाबाद २५० धावा काढून तो आकडा मागे टाकला. हिंदूंच्या ५८१ धावांना उत्तर देताना ‘इतर’ संघ १३३ धावांत आटोपला आणि त्याला पुन्हा खेळावे लागले.

या दुसऱ्या डावात संघाच्या एकूण धावा झाल्या ३८७. त्यांपैकी ३०९ एकट्या विजय हजारे यांच्या होत्या. आणि त्यांच्या सोबतीला दुसऱ्या टोकाला उभे होते त्यांचे बंधू विवेक. दोघांनी मिळून ३०० धावांची भागीदारी केली; तीत विवेक यांच्या धावा किती, तर अवघ्या २१!

धावफलक वाचणारा माणूस ३०९ या आकड्यापाशी थांबतो. पण संसार केलेल्या माणसाची नजर त्या २१ पाशी रेंगाळेल. एक भाऊ नाव मिळवतो तेव्हा दुसरा कोणी तरी घराचे दार धरून उभा असतो. विवेक यांना त्या दिवशी धावा काढायच्याच नव्हत्या. त्यांना बाद व्हायचे नव्हते. आपण बाद झालो तर भाऊ एकटा पडेल, एवढेच त्यांनी ओळखले. ‘इतर’ संघ तो सामना एका डावाने हरला. तरीही ऐंशी वर्षांनंतर त्या सामन्यातील काही लोकांच्या ध्यानात राहिले असेल, तर ती हरलेल्या संघातील दोन भावांची जोडी.

५७७

मार्च १९४७. बडोद्यातच बडोदे आणि होळकर या संघांत रणजी करंडकाचा अंतिम सामना झाला. दोन मराठी संस्थानांची ही लढत. होळकर संघ २०२ धावांत बाद झाला आणि बडोद्याचेही ३ गडी ९१ धावांवर परतले. तेव्हा हजारे आणि गुल महंमद यांची जोडी जमली, ती फुटली तेव्हा दोघांनी ५७७ धावा जोडल्या होत्या. गुल महंमद ३१९, हजारे २८८. बडोद्याचा डाव ७८४ धावांवर संपला आणि बडोद्याने एक डाव ४०९ धावांनी करंडक जिंकला.

प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये कोणत्याही गड्यासाठी झालेली ही सर्वांत मोठी भागीदारी ठरली. तो विक्रम एकोणसाठ वर्षे टिकला. २००६ च्या जुलैत श्रीलंकेच्या संगकारा आणि जयवर्धने यांनी ६२४ धावा जोडून तो मोडला.

परंतु आकड्यांपेक्षाही त्या तारखेकडे लक्ष द्यावे. ते १९४७ सालचे वसंताचे दिवस होते. देशाची वाटणी पाच महिन्यांवर येऊन ठेपली होती. पंजाब धुमसू लागला होता. गुल महंमद मूळचे लाहोरचे. पुढे ते पाकिस्तानात गेले आणि १९५६ साली पाकिस्तानकडून कसोटी सामनाही खेळले. एक लाहोरचा मुसलमान आणि एक सांगलीचा ख्रिस्ती, मराठी राजाच्या संघासाठी, गुजरातच्या भूमीवर, एकमेकांच्या हाकेला ओ देत धावत होते. अशा भागीदारीत भरवसा एकाच गोष्टीवर असतो : समोरचा ‘ये’ म्हणाला तर त्याचा शब्द खरा मानून निघायचे. त्या वर्षी देशात असा भरवसा दुर्मीळ होत चालला होता. बडोद्याच्या मैदानावर मात्र तो सलग ५७७ धावा टिकला.

ॲडलेड ते लीड्स

हजारे पहिला कसोटी सामना खेळले ते जून १९४६ मध्ये, लॉर्ड्सवर, वयाच्या एकतिसाव्या वर्षी. उमेदीची वर्षे महायुद्धाने नेली होती. याबद्दल हळहळत बसण्याऐवजी उरलेल्या सात वर्षांत त्यांनी ३० कसोटी सामन्यांतून ४७.६५ च्या सरासरीने २,१९२ धावा आणि ७ शतके काढली.

१९४८ च्या जानेवारीत ॲडलेड येथे ब्रॅडमन यांच्या ऑस्ट्रेलियाने ६७४ धावांचा डोंगर उभा केला. त्याच्या पायथ्याशी उभे राहून हजारे यांनी पहिल्या डावात ११६ आणि दुसऱ्या डावात १४५ धावा काढल्या. एका कसोटीच्या दोन्ही डावांत शतके काढणारे ते पहिले भारतीय. दुसऱ्या डावात संघाच्या धावा २७७ आणि समोर लिंडवॉल यांची आग ओकणारी गोलंदाजी होती. सामना भारताने डावाने गमावला. त्याच मालिकेत मध्यमगती गोलंदाज म्हणून हजारे यांनी खुद्द ब्रॅडमन यांचा त्रिफळाही उडवला होता. पण ती गोष्ट मिरवण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता.

१९५१-५२ मध्ये इंग्लंडचा संघ भारतात आला तेव्हा हजारे कर्णधार झाले. दिल्लीच्या पहिल्या सामन्यात विजय मर्चंट यांनी १५४ धावा काढल्या, भारतीयाची कसोटीतील तोवरची सर्वोच्च खेळी. आणि त्याच डावात हजारे यांनी नाबाद १६४ धावांनी ती ओलांडली. मर्चंट यांचा तो अखेरचा कसोटी सामना ठरला. त्यानंतर १० फेब्रुवारी १९५२ रोजी मद्रासला भारताने इंग्लंडचा एक डाव ८ धावांनी पराभव केला. पंकज रॉय आणि पॉली उम्रीगर यांची शतके आणि विनू मंकड यांचे १२ बळी यांच्या बळावर मिळालेला हा भारताचा पहिला कसोटी विजय. १९३२ सालापासून भारत खेळत होता आणि हा होता त्याचा पंचविसावा सामना. त्या विजयाचे कर्णधार बडोद्याचे हजारे होते.

आणि केवळ चार महिन्यांनी, जूनमध्ये, लीड्स. पहिला सामना खेळणारे फ्रेड ट्रूमन आणि अनुभवी बेडसर यांच्यासमोर भारताच्या दुसऱ्या डावाचा धावफलक दिसला तो असा : शून्य धावा, चार बाद. बाद झालेल्यांत बडोद्याचेच तरुण दत्ताजीराव गायकवाड होते. त्यांचा तो पहिलाच कसोटी सामना. अशा वेळी कर्णधार हजारे मैदानात आले. पहिल्या डावात ८९ धावा काढून त्यांनी विजय मांजरेकर यांच्यासह २२२ धावांची भर घातलेलीच होती. आता दत्तू फडकर यांना सोबत घेऊन त्यांनी १०५ धावा जोडल्या. स्वतः ५६ काढल्या. सामना वाचला नाही, लाज मात्र राखली गेली. घर कोसळताना खांबाला पाठ लावून उभा राहणारा कर्ता पुरुष कसा असतो, ते त्या दिवशी लीड्सच्या प्रेक्षकांनी पाहिले.

ओझ्याची किंमत

येथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. कर्णधार म्हणून हजारे थोर नव्हते. १४ सामन्यांत त्यांना एक विजय मिळाला. पाच हरले, आठ अनिर्णित राहिले. स्वभाव संकोची, धोरण सावध, आज्ञा देण्याची हौस नाही. कर्णधारपदाच्या ओझ्याने त्यांच्या फलंदाजीचे नुकसान झाले, असे त्यांचे जुने प्रतिस्पर्धी विजय मर्चंट यांचेच मत होते. १९५२ च्या अखेरीस पाकिस्तानविरुद्ध लाला अमरनाथ कर्णधार होते आणि हजारे केवळ फलंदाज होते, तेव्हा मुंबईस त्यांनी नाबाद १४६ धावा काढल्या, हे या मताला पुष्टी देणारे आहे. पुढे वेस्ट इंडिजच्या दौऱ्यावर पुन्हा नेतृत्व त्यांच्याकडे आले आणि १९५३ मध्ये त्या दौऱ्याबरोबरच त्यांची कसोटी कारकीर्द संपली.

आपल्या घरांतूनही हे चित्र अनोळखी नाही. जो सर्वांत विश्वासू त्याच्याच खांद्यावर आपण आणखी एक जबाबदारी टाकतो आणि ती पेलताना त्याचे स्वतःचे गाणे, वाचन, छंद हळूहळू मागे पडतात. तो नाही म्हणत नाही, म्हणून त्याला जड होत नाही असे आपण समजतो.

राहिलेले गाव

१ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. ज्या दरबाराच्या आश्रयाने कितीतरी मराठी माणसे या गावी आली होती, तो दरबारच उरला नाही. मनगटात बळ असलेल्या खेळाडूला तेव्हा मुंबई-पुण्याची वाट मोकळी होती. हजारे राहिले. १९५७-५८ मध्ये दत्ताजीराव गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली बडोद्याने सेनादलाचा पराभव करून पुन्हा रणजी करंडक जिंकला, तेव्हा त्रेचाळिशीच्या उंबरठ्यावरील हजारे यांनी अंतिम सामन्यात २०३ धावा काढल्या. लीड्सला शून्यावर परतलेला तरुण आता कर्णधार आणि तेव्हाचा कर्णधार आता त्याच्या हाताखालचा खेळाडू! वडीलधाऱ्या माणसाने धाकट्याच्या हाताखाली काम करणे सोपे नसते. हजारे यांनी ते दोनशे धावा काढून केले.

१९६० साली त्यांना जसू पटेल यांच्यासह पद्मश्री मिळाली. हा मान मिळवणारे हे पहिले क्रिकेटपटू. त्याच वर्षी गुजरात राज्य स्थापन झाले आणि बडोद्याची मराठी घरे कायमची महाराष्ट्राबाहेरची झाली. प्रथम श्रेणीत एकंदर १८,७४० धावा, ६० शतके आणि ५९५ बळी एवढी शिदोरी घेऊन हजारे या गावात निवृत्तीचे आयुष्य जगले. आपला जीवनवृत्तांत त्यांनी ‘अ लाँग इनिंग्ज’ या नावाने लिहिला. त्यांचे पुत्र रणजित हेही बडोद्याकडून प्रथम श्रेणीचे क्रिकेट खेळले. १८ डिसेंबर २००४ रोजी, नव्वदीला काही महिने उरले असताना, आतड्याच्या कर्करोगाने बडोद्यातच त्यांचे निधन झाले. ५७७ धावांचा विक्रम तेव्हा अबाधित होता.

दत्ताजीराव गायकवाड २०२४ च्या फेब्रुवारीत गेले आणि त्यांचे पुत्र अंशुमान त्याच वर्षीच्या जुलैत. हजारे यांच्यासह खेळलेली बडोद्याची पिढी आता जवळजवळ सरली. ज्यांनी ती खेळी डोळ्यांनी पाहिली असे लोक आपल्या घरांतून विरळ झाले आहेत. एखाद्या घरी अजून असे आजोबा असतील, तर त्यांच्यापाशी बसून ऐकून घ्यावे आणि जमल्यास लिहून ठेवावे.

आणि मुलांना मैदानावर पाठवावे. सगळ्यांची त्रिशतके व्हायची नाहीत. पण उन्हात दोन तास उभे राहून दुसऱ्याच्या खेळीला साथ देत एकवीस धावा काढणे, हे कोणत्याही घरातील मुलाला जमण्याजोगे आहे. आणि त्या एकवीस धावांवाचून तीनशे नऊ होत नाहीत.